पास झालेली गाडी

गाडी घेण्याआधी माणसं मायलेज बघतात, रंग बघतात, डिकी उघडून बघतात. मी सांगते, आधी आपला घरमालक नीट बघून घ्यावा. मी बघितला नव्हता. म्हणजे बनशंकरीत त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत असल्यामुळे मी त्यांना रोज बघत होते, पण दारात स्वतःची गाडी आणून लावली तर हा माणूस काय करील, या दृष्टीनं कधी बघितलं नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. त्या कारखान्यात नक्की काय बनायचं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की "देशाचं काम" एवढंच म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. ते निवृत्त झाले ही बातमी कारखान्याला पोचली होती, अण्णांना मात्र कुणी कळवलेली दिसत नव्हती. सकाळी आठला खाकी अर्ध्या बाह्यांचा कोट अंगात, खिशात बॅटरी, आणि चष्म्याच्या मखमली डबीत टायरची हवा मोजायचं यंत्र. चष्मा कुठे ठेवायचे कोण जाणे, तो कायम हरवलेला असायचा.

समोर कुठलीही वस्तू आली की तिला बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं, ही त्यांची सवय. नारळ ठोकतात, कलिंगड ठोकतात, हे मी समजू शकते. अण्णा गॅसचा सिलिंडर ठोकायचे, पाण्याची टाकी ठोकायचे, एकदा माझ्या डोक्यावरचं हेल्मेट आत डोकं असतानाच ठोकलं. मी सामान घेऊन आले त्या दिवशी टेम्पोतून फ्रिज उतरायच्या आत त्यांनी तो ठोकला आणि "दोन वर्षं" असा निकाल दिला. फ्रिज अडीच वर्षं चालला. त्या वरच्या सहा महिन्यांबद्दल त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

तपासलेल्या प्रत्येक वस्तूला कार्ड बांधायचं, हा खात्यातला नियम त्यांनी घरी आणला होता. जुन्या लग्नपत्रिका कापून, रंगवून, भोक पाडून दोरा ओवलेली कार्डं. लाल म्हणजे नापास, पिवळं म्हणजे तपासणी चालू, हिरवं म्हणजे पास. त्यांच्या घरातली शिडी लाल होती, मिक्सर गेली कित्येक वर्षं पिवळा होता, आणि पाहुण्यांना बसायला दिलेल्या खुर्चीखाली कुठला रंग लोंबतोय ते पाहुणे आधी वाकून बघायचे. कार्ड नव्हतं ते फक्त अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला. कुठलं बांधावं हे ठरत नसणार, किंवा ठरलं असलं तरी बांधायची छाती नसणार.

त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. हे सांगताना ते असं सांगायचे की जणू सामान अजून सोडायचं आहे. त्यांचं मराठीही तेव्हाच निघालेलं आणि वाटेत भरपूर कन्नड घेऊन आलेलं. "स्वल्प" म्हणजे जरासं आणि "सरी" म्हणजे ठीक, याशिवाय त्यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. साडेतीनशे वर्षांत या घराण्यातल्या कुणी परत लांबचा प्रवास केल्याचं मात्र ऐकिवात नाही. अण्णांकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. स्कूटर होती, आणि तिच्यावरून एकदा शेजारच्याच जे. पी. नगरपर्यंत गेल्याची हकिकत ते अशी सांगायचे की ऐकणाऱ्यानं पाणी विचारावं. अशा माणसाच्या ताब्यात मी माझी गाडी दिली. दिली कसली, त्यांनी घेतली.

आता गाडी कशासाठी घेतली ते सांगायला हवं. माझी आई साताऱ्याला एकटी राहायची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. हिवाळ्यात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि दूध घालणारी बाई येईपर्यंत दोन तास तशीच पडून राहिली. हे तिनं मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तसं. त्यानंतर मी हात धुऊन मागे लागले, की माझ्याकडे ये. तर तिला रात्रीची बस नको, कारण गुडघे. रेल्वे नको, कारण ती भलत्या वेळेला पोचते. आणि विमान नको, कारण तिला नको. तीन महिने वाद घातल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "गाडी घेऊन ये, मागच्या सीटवर पाय पसरून येते. मे महिन्यात ये पण. एकदा पाऊस लागला की मी घर सोडून हलायची नाही." आमच्या घरात याला होकार म्हणतात. असा होकार ती परत देईल याची खात्री नव्हती. मी लगेच ऑफिसातल्या एकाची सात वर्षं वापरलेली गाडी विकत घेतली आणि आईला मेच्या पहिल्या शनिवारचा वायदा केला.

गाडी फाटकातून आत आली तेव्हा अण्णा झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट ठोकलं, चारी दारं ठोकली, खाली वाकून सायलेन्सर ठोकला, आणि कुठं जाणार म्हणून विचारलं. साताऱ्याला, आईला आणायला, असं मी सांगितलं. मग ते आत गेले आणि लाल कार्डांचा जुडगा घेऊन आले. संध्याकाळी मी बघितलं तर गाडीला अकरा लाल कार्डं लटकत होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईंनी ही गाडी कुठल्या देवाला चालली आहे अशी चौकशी केली.

पुढचे सगळे रविवार त्या गाडीच्या पोटाखाली गेले. कूलंट बदललं. इंजिनाचा पट्टा बदलला. वायपर बदलले; मे महिन्यात वायपर कशाला म्हटलं तर चित्रदुर्गाच्या पुढं वळीव गाठतो म्हणाले. चित्रदुर्ग त्यांनी नकाशावर बघितलेलं होतं. रेडिएटरची एक रबरी नळी त्यांना पसंत पडेना. तशी नळी गल्लीच्या टोकाच्या दुकानातही मिळत होती, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचा खात्यातला एक जुना मित्र होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत दुकान टाकून बसला होता, त्याच्याकडूनच आणायची. बनशंकरीहून होसकोट्याला जाऊन परत येणं हाच मुळात एक उन्हाळी प्रवास आहे. तीन तास जायला लागले, साडेतीन यायला, आणि आल्यावर अण्णांनी ती वीतभर नळी कानाशी धरून वाकवली आणि म्हणाले, "सरी."

मला स्टेपनी बदलता येते का, हा पुढचा प्रश्न होता. येत नव्हती. अण्णांनी मला चांगलं चाललेलं चाक काढून परत तेच बसवायला लावलं, तीन वेळा, हातात घड्याळ धरून. तिसऱ्या वेळी मी घामानं निथळत उभी राहिले तेव्हा अक्का ताक घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, की एवढं करून या पोरीला गाडीनं जायचं आहे की गॅरेज काढायचं आहे ते एकदा विचारून घ्या. अण्णांनी तो प्रश्न आपल्या तपासणीच्या वहीत लिहून घेतला की काय असं मला वाटलं.

मग आला मातोश्रींच्या वजनाचा विषय. अण्णा माझ्या आईला मातोश्रीच म्हणायचे, न बघता. मागच्या टायरात हवा किती भरायची हे मागे बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, तेव्हा मातोश्रींचं वजन किती? मला माहीत नव्हतं. लोड माहीत नसताना माल बाहेर काढायचा नसतो, असं सांगून त्यांनी मला तिथल्या तिथं आईला फोन लावायला लावला. माझी आई गणिताची शिक्षिका होती. मुख्याध्यापकांनीही तिला कधी वजन विचारलेलं नव्हतं. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेऊन विचारलं. मग ती म्हणाली, "आधी तुमचं सांगा."

अण्णा बासष्ट म्हणाले, चपला सोडून. मग आईनंही तिचं सांगितलं, चपला धरून सांगितलं आणि चपलांचं वेगळं सांगितलं. तो आकडा पोटच्या पोरीला तोवर माहीत नव्हता. पुढं पाच-दहा मिनिटं दोघं बॅगा किती, लोणच्याची बरणी काचेची की चिनी मातीची, आणि दुखरा गुडघा डावा की उजवा यावर बोलत राहिले, आणि मी माझाच फोन परत मिळायची वाट बघत शेजारी उभी राहिले.

त्यावरून निघाली चाचणी. पुढच्या रविवारी अण्णा स्वतः मागच्या सीटवर बसले, मातोश्री म्हणून. बॅगांच्या जागी तांदळाचं पोतं, मांडीवर लोणच्याची बरणी म्हणून पाण्यानं भरलेला तांब्या, आणि उजवा गुडघा सरळ ठेवलेला. मी कनकपुरा रस्त्यानं गाडी काढली. प्रत्येक गतिरोधकाला मागून अगदी शांत आवाजात येई, "मातोश्रींना लागलं." मी मोजले, अठरा वेळा लागलं. मध्येच त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, कारण मातोश्रींना जायचं होतं आणि मी आजूबाजूला कुठं स्वच्छ जागा आहे हे आधी बघून ठेवलेलं नव्हतं. आई खरोखर गाडीत असती तर तिनं मला याच्या निम्मंही छळलं नसतं. परत आल्यावर त्यांनी तांब्यात किती पाणी उरलं ते बघितलं आणि गाडी कशी चालवावी यावर मला अर्धा तास सुनावलं. स्टीअरिंगला आयुष्यात हात न लावलेला माणूस बोलत होता आणि मी ऐकून घेत होते. त्यातलं बहुतेक खरं होतं, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट.

मेचा पहिला शनिवार गेला. आईला मी सांगितलं, की अण्णांचं अजून आटोपत नाही, पुढच्या शनिवारी नक्की. ती हसली. म्हणाली, "बघू दे त्यांना नीट. काळजीनं करतायत." दुसरा शनिवार गेला तेव्हा हसली नाही, बॅग भरून ठेवली आहे एवढंच म्हणाली. नंतर नंतर ती नुसतं "बरं" म्हणायला लागली. ऑफिसात मी अण्णांच्या नकला करून दाखवायचे; कार्डं, तांब्या, मातोश्रींना लागलं, सगळं. लोक पोट धरून हसायचे. कधी निघणार असं कुणी विचारलं की मी कपाळाला हात लावायचे, की घरमालकानं सोडलं तर निघेन. सगळ्यांना माझी दया यायची. रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी फाटकापाशी उभी राहून विचारायचे, अण्णा, अजून काय राहिलं? ते जरा विचार करायचे आणि काहीतरी निघायचं. हँडब्रेक स्वल्प बघतो. हॉर्नचा आवाज स्वल्प बसलाय. मी मान डोलवायचे आणि आत जाऊन आईला फोन करायचे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. खिडकीतून बघितलं तर आई उतरत होती. आधी बॅग, मग बरणी, मग एक एक करून पाय. रात्रीची बस, जी तिला मेली तरी नको होती, त्या बसनं ती आली होती. वरचा बर्थ मिळाला म्हणे, शिडीनं चढली. चेहरा दमलेला होता आणि गुडघा धरून चालत होती. मी धावत बाहेर गेले तोवर अण्णा नळ बंद करून फाटकाशी पोचले होते. ते "या" म्हणाले आणि तिनं त्यांना आवाजावरून ओळखलं. नमस्कार केला, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या धुतलेल्या, पुसलेल्या गाडीकडे बघून विचारलं, "हिला एवढं झालंय तरी काय?"

"गाडीला? काही नाही की," अण्णा म्हणाले. "दहा दिवस झाले, पास आहे."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी अण्णांवर भडकले. भडकले म्हणजे तसा आव आणला. पास होती तर सांगितलं का नाही, असं मी त्यांना आईसमोर विचारलं. त्यांना या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं असावं. त्यांच्या खात्यात तपासणारा माणूस स्वतःहून कुणाला सांगायला जात नसे. तो कार्ड बांधून मोकळा. माल ज्याला न्यायचा असेल त्यानं येऊन मागायचा.

"तुम्ही मागितलीच नाही, मेडम," ते म्हणाले. "अजून काय राहिलं, अजून काय राहिलं, एवढंच विचारत होता. तुम्ही विचारलं की मी स्वल्प काहीतरी काढून द्यायचो. माल न्यायचा नसला की लोक कसं विचारतात, ते चौतीस वर्षं ऐकलंय."

ते काही मला टाकून बोलले नव्हते. तपासलं ते सांगितलं, एवढंच.

आणि मी ते हिरवं कार्ड बघितलं होतं. मेच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळीच बघितलं होतं, आरशाला बांधलेलं. गाडीत राहिलेली पाण्याची बाटली काढायला गेले, कार्ड हातानं बाजूला केलं, बाटली घेतली, दार लावलं, आणि फाटकाशी येऊन म्हणाले, अण्णा, हँडब्रेकचं काय? का केलं असं, ते आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. आई न्हाणीघरात पडू नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ती माझ्याकडे यावी असं मात्र वाटत नव्हतं. उन्हाळाभर म्हणून आलेली आई कायमची राहील, माझ्या दोन खोल्या, माझे रविवार, रात्री दहाला खाल्लेली मॅगी, सगळ्यावर तिची नजर येईल, याची मला भीती वाटायची. आई, तू येऊ नकोस, हे तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती. मग देवानं मला अण्णा दिले. असा हुकमी, विक्षिप्त, नकला करण्याजोगा घरमालक हाताशी असताना कोण स्वतःच्या तोंडानं वाईट होईल?

आई बरणी उचलून दाराकडे वळली. चहा उकळून वर आलाय, बघ जा, एवढंच म्हणाली.

ती अठरा दिवस राहिली. माझ्या स्वयंपाकघरातला एक डबाही तिनं इकडचा तिकडे केला नाही, हे मला पहिल्या दोन दिवसांत बरं वाटलं आणि नंतर सलायला लागलं. मंगळवारी ती अक्कांबरोबर देवीला लिंबाच्या सालीत तूप घालून दिवे लावायला जायची. दुपारी अण्णांशी वाद घालायची. कार्डांची पद्धतच चुकीची आहे, तीन रंगांत माणसाचं काही मावत नाही, असं तिचं म्हणणं. आणि माणसाचं कोण बोलतंय, मी मिक्सरचं बोलतोय, असं त्यांचं. मेट्रोतून उतरून घरी आले की खिडकीत दिवा दिसायचा. आत कुणीतरी असायचं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी तिला म्हटलं, राहा ना, पाऊस इथंही काढता येतो. खरं म्हटलं, मनापासून म्हटलं. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि नको म्हणाली. पावसाआधी घराची कौलं बघायला हवीत म्हणाली. मी परत म्हटलं, परत नको म्हणाली.

मग बॅगेत साड्या ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "जाताना गाडीनं सोडशील? आणायला जमलं नाही, पोचवायला जमेल ना?"

रागाचा लवलेशही नव्हता आवाजात. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी अण्णांकडे जाऊन गाडी मागितली. त्यांनी आरशाचं कार्ड सोडून घेतलं, वहीत माझी सही घेतली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनीच फाटक उघडलं. आई मागच्या सीटवर पाय पसरून बसली, बाजूला पाण्याची बाटली, आणि अक्कांनी दिलेला चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा डबा. तुमकूर गेलं, चित्रदुर्ग गेलं. आई थोडा वेळ झोपली, थोडा वेळ शाळेतल्या गोष्टी सांगत बसली, एकदा चहाला थांबलो तेव्हा गुडघा अजिबात दुखत नाही म्हणाली. हुबळी गेलं, बेळगाव गेलं. मला सारखं वाटत होतं, की गाडी कुठंतरी बंद पडावी. पट्टा तुटावा, टायर बसावा, काहीही व्हावं, आणि वाटेत कुठल्यातरी गावात आम्हाला एक दिवस अडकून पडायला लागावं, एका खोलीत, दोघींना. प्रत्येक चढाला मी इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होते. आवाजात कुठं म्हणून खोट नव्हती. अण्णांनी बिघडण्याजोगं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. कोल्हापूर गेलं, कऱ्हाड गेलं, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही साताऱ्याला दारात पोचलो. आई पर्समध्ये कुलपाची किल्ली शोधत होती.